वाचक विचारतात: लाइट गेली की जाग का येते?

मागच्या महिन्यात या पानावर डोळ्यांच्या नंबरबद्दल लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आली त्यातली अर्धी चष्म्याबद्दल नव्हतीच, सगळी कान, नाक, जीभ, कातडी यांच्याबद्दल. उन्हाळा संपत आलाय म्हणून असेल, पण दर दुसऱ्या पत्रात कूलर आहेच. मग म्हटलं या वेळी सगळे प्रश्न कान, नाक, डोळे, जीभ, कातडी यांना होणाऱ्या सवयीचेच घेऊ. पत्रं थोडी छाटलीत, बोली मात्र तशीच ठेवली आहे.

प्रश्न: ताई, आमच्या घरचा कूलर म्हणजे ट्रॅक्टरच, पाहुणे आले तर म्हणते तुमाले झोप कशी लागते. पण मले त्याच्या आवाजात मस्त झोप लागते, अन रात्री लाइट गेली, कूलर बंद पडला का खाडकन जाग येते. शांत झालं तर उलट जास्त झोप लागाले पायजे ना? हे काहून होते? (मानेवाडा)

नागपुरात उन्हाळा काढलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे, विचारलं मात्र तुम्हीच. लोकं म्हणतात गरमीने जाग येते, ते पण आहेच, पण गरमी वाढायला पाच-दहा मिनिटं लागतात आणि जाग तर पंख्याचं पातं थांबायच्या आधीच आलेली असते. म्हणजे उठवलं ते आवाज बंद होण्याने.

आपण समजतो की कान आवाज मोजतो, डोळा उजेड मोजतो, कातडी गरम-थंड मोजते, मीटरसारखं. तसं नाहीये. या सगळ्यांचं मुख्य काम आहे बदल कळवणं. एकसारखं जे चालू आहे त्याबद्दल नस हळूहळू बोलणं कमी करते आणि काही वाढलं, घटलं, सुरू झालं, बंद झालं की परत जोरात बोलते. इंग्लंडच्या एडगर एड्रियन यांनी १९२० च्या दशकात एकेका नसेतून जाणारे विजेचे ठोके पकडले तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. एक तर ठोका नेहमी सारख्याच उंचीचा असतो, जोर जास्त म्हणजे ठोके जास्त वेगाने, बस. आणि दुसरी म्हणजे एकाच जोराने दाबत किंवा ताणत ठेवलं तर ठोक्यांचा वेग आपोआप उतरत जातो. जोर तोच आहे, पण बातमी कमी. याच कामासाठी त्यांना १९३२ चं नोबेल मिळालं, शेरिंग्टन यांच्यासोबत.

आता कूलरचं. एकसुरी घरघर थोड्या वेळाने कानाच्या वाटेवर आणि मेंदूत मागे पडते, ऐकू येत असते पण दखल कोणी घेत नाही. आणि ऐकण्याच्या वाटेवर अशाही पेशी आहेत ज्या आवाज थांबला की पेटतात. त्यांच्या दृष्टीने शांतता ही घटनाच आहे. झोपेत डोळे मिटतात, कानाला झाकण नाही, म्हणून बदलावर पहारा रात्रभर चालू राहतो, आणि म्हणूनच कूलरच्या गोंगाटात झोपलेली आई बाळ नुसतं कुरकुरलं तरी उठते, बाबा नाही उठत (यात कानाचा दोष नाही, एवढंच म्हणते).

कपड्यांचंही तेच. सकाळी शर्ट घातला तेव्हा एक क्षण कळलं, मग दिवसभर नाही. कातडीच्या खोल थरात एकावर एक पापुद्रे असलेली छोटी छोटी ज्ञानकेंद्रं आहेत, पॅसिनी नावाच्या इटालियन माणसाच्या नावाने ओळखतात, ती दाब पडताना एकदा आणि उठताना एकदा बोलतात, मधल्या काळात गप्प. दुसरी काही केंद्रं आहेत ती बराच वेळ बोलत राहतात, म्हणून हातातला कप सुटत नाही. दोन्ही लागतात.

डोळा तर याहून भारी. तो स्वतःच सारखा बारीक थरथरत असतो, आपल्याला कळत नाही एवढा. १९५० च्या सुमारास संशोधकांनी युक्ती करून चित्र डोळ्यासोबतच हलेल असं केलं, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर (रेटिनावर) ते एकाच जागी स्थिर पडेल, तर काही सेकंदांत चित्र फिकं होऊन गायबच झालं. म्हणजे समोरचं दिसत राहावं म्हणून डोळा स्वतः हलून बदल तयार करतो. डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांचं जाळं आहे, त्याची सावली जन्मभर तिथेच पडते आणि म्हणूनच आपल्याला ती कधी दिसत नाही.

प्रश्न: कूलरला नवीन खसच्या ताट्या लावल्या. पहिल्या दिवशी घर नुसतं महकलं. पण दहा मिनिटांत वास गायब! दुकानदाराने फसवलं वाटलं. शेजारच्या काकू आल्या तर म्हणाल्या वा काय छान वास येतोय. वास संपला का माझं नाक खराब आहे? (त्रिमूर्तीनगर)

दुकानदार पण चांगला, नाक पण चांगलं. वास तिथेच आहे, तुमच्या नाकाने त्याची हजेरी घेणं बंद केलं.

नाकाच्या आत वर, साधारण डोळ्यांच्या पातळीवर, वास ओळखणाऱ्या पेशींचा एक छोटा पट्टा आहे. माणसात वासाची सुमारे ४०० प्रकारची ग्राहकं (म्हणजे वासाचे रेणू पकडणारे भाग) आहेत, बक आणि ॲक्सेल या दोघांनी १९९१ मध्ये हे जनुकांचं घराणं शोधलं, २००४ ला नोबेल मिळालं. वासाचा रेणू चिकटला की पेशीचं दार उघडतं, त्यातून कॅल्शियम आत शिरतं आणि ते कॅल्शियमच पुढे जाऊन त्या दाराला थोडं बोथट करतं, म्हणजे पेशी बोलतानाच स्वतःचा आवाज कमी करत जाते. वर मेंदूतही गाळणी लागते. गंमत अशी की हे त्या त्या वासापुरतंच होतं, खसचा वास गेला तरी स्वयंपाकघरात लसणाची फोडणी पडली की लगेच कळतं ना? मग नाक बंद झालं कसं म्हणायचं. बाहेर अंगणात पाच मिनिटं उभं राहून परत आत या, खस परत येईल. अत्तराच्या दुकानात मधेमधे कॉफीचे दाणे हुंगायला देतात, ते दिसायला छान आहे, साधी हवा घेतली तरी चालतं.

इथपर्यंत मजा. पण या पत्राच्या निमित्ताने जे लिहायचंच होतं ते आता लिहिते आणि जरा लांबवते. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन नावाचं दुर्गंधी रसायन घालतात, अगदी थोडं घातलं तरी नाकाला कळतं असं. आणि त्या वासाचीही नाकाला खसइतकीच सवय होते. म्हणजे वास आला, तुम्ही म्हणालात बघू जरा, थोडा वेळ तिथेच थांबलात, आणि मग म्हणालात अरे गेला वाटते. गेला नाही! सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड आहे, तो जमिनीलगत पसरत असतो आणि नाक मात्र ऑल क्लियर सांगून राहिलं. म्हणून पहिल्यांदा जो वास आला तोच खरा धरायचा. वास कमी झाला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, लाइटचं कोणतंच बटण चालू पण नाही अन बंद पण नाही, सगळ्यांनी बाहेर, आणि बाहेरून १९०६ ला फोन. खात्री करायची असेल तर बाहेरून ताज्या नाकाचा माणूस दारापर्यंत आणा, आत बसलेल्याला विचारू नका.

खोल विहिरीत, गटाराच्या चेंबरमध्ये उतरणाऱ्यांसाठी तर हे अजून वाईट आहे. सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड थोडा असला तर वास येतो, आणि फार झाला तर वासाची शक्तीच मारतो. वास नाही म्हणजे वायू नाही, असं तिथे समजायचं नाही.

प्रश्न: आमची आई कॉटन मार्केटात भाजीवाल्याने पावशेरात जरा कमी दिलं तरी हातात घेऊन सांगते. पण घरी सिलिंडर आला तर त्यात अर्धा किलो कमी आहे का नाही हे तिलाच काय, बाबांना पण सांगता येत नाही. अर्धा किलो तर किती जास्त झाला! (जरीपटका)

हा प्रश्न वाचून मी खूश झाले, कारण याच प्रश्नावर एका माणसाने वर्षानुवर्षं काढली. जर्मनीतल्या लायप्झिगचे अर्न्स्ट वेबर. त्यांनी लोकांच्या हातात वजनं दिली, कोणतं जड सांगा म्हणाले, आणि १८३४ मध्ये छापलं की फरक कळायला किती ग्रॅम लागतात हा प्रश्नच चुकीचा, मूळ वजनाच्या किती हिस्सा लागतो ते बघा. उचलून पाहिलं तर साधारण दोन-तीन टक्के. म्हणजे किलोभर संत्र्यांच्या पिशवीत वीस-तीस ग्रॅमचा फरक सरावाच्या हाताला कळेल, दहा किलोच्या पोत्यात तेवढाच फरक कळणार नाही, तिथे दोनशे-तीनशे लागतील.

आता सिलिंडर. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो, वर रिकाम्या टाकीचं वजन साधारण तेवढंच किंवा थोडं जास्त, म्हणजे उचलता तेव्हा हातात तीस किलोच्या आसपास. त्याचे दोन-तीन टक्के म्हणजे सहाशे-नऊशे ग्रॅम. अर्धा किलो त्याच्या खालीच राहतो, मग आईच काय पैलवानालाही सांगता येणार नाही. रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं, डिलिव्हरीवाल्याला काटा मागा अन मोजून घ्या, लाजायचं काय त्यात.

वेबरना अजून एक दिसलं, वजन नुसतं टेबलावर टेकलेल्या तळहातावर ठेवलं तर अंदाज बराच चुकतो, हात हलवून, वर-खाली करून पाहिलं तर चांगला येतो, स्नायूंची पण मदत होते म्हणून. तुमच्या आई पण पिशवी हातात घेऊन दोनदा वर-खाली करत असतील, विचारा.

पुढे गुस्टाव फेश्नर यांनी १८६० मध्ये यावरून गणित मांडलं, की जाणीव एकेक पायरी चढायची असेल तर बाहेरचा जोर दरवेळी पटीत वाढवावा लागतो. अंधाऱ्या खोलीत एक मेणबत्ती लावली की केवढा फरक, आणि दुपारी अंगणात लावली तर जळते की नाही हे बोट लावून बघावं लागेल. आवाजाचं डेसिबलचं माप पण पटीचंच आहे, दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहा पट झाली, पण कानाला मात्र साधारण दुप्पट वाटते. हा नियम फार हलक्या आणि फार जोरदार टोकांना बिघडतो, मधल्या पट्ट्यात बरा चालतो. माझं तर म्हणणं आहे खिशाला पण चालतो, वीस रुपयांच्या सांबारावर पाच रुपयांसाठी भांडणारा माणूस वीस हजारांच्या मोबाइलवर पाचशे रुपये सोडून देतो, पाचशे जास्त आहेत हे माहीत असून.

(नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर. दरवेळी पत्र येतं म्हणून.)

प्रश्न: बर्डीवर दुपारी दोन वाजता गाडी लावून दुकानात शिरलो तर एक मिनिट काहीच दिसत नाही, काउंटरला धडकतो. पण दुकानातून बाहेर आलो तर दोन-चार सेकंद डोळे मिचकावले का झालं. जाताना वेळ आणि येताना नाही, असं का? आणि वय ५८ आहे, काही आजार तर नाही ना? (धंतोली)

मे महिन्याच्या उन्हात साधारण एक लाख लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) उजेड असतो आणि दुकानात आत दोन-तीनशे. म्हणजे एका पायरीत तीनशे-पाचशे पट कमी. बाहुली मोठी होते हे सगळ्यांना माहीत आहे, पण ती दोन मिलिमीटरवरून सात-आठ झाली तरी उजेड बारा-पंधरा पटच जास्त आत येतो, त्यातही वयासोबत बाहुली तेवढी उघडत नाही. बाकीचं काम पडद्यावरच्या पेशींना करावं लागतं.

या पेशी दोन जातीच्या. शंकू, सुमारे साठ लाख, भर उजेडात आणि रंग बघायला. आणि दंड, सुमारे बारा कोटी, मंद उजेडासाठी. दोन्हीत उजेड पकडणारं रंगद्रव्य असतं आणि उजेड पडला की ते फुटतं. उन्हात ते इतकं फुटून जातं की दंडपेशींचा साठा जवळपास रिकामा. अंधारात गेलं की ते परत जुळवायचं, त्याला जीवनसत्त्व अ लागतं आणि वेळ लागतो. शंकूंचं काम दहा मिनिटांत होऊन जातं, दंडांचं मात्र वीस-तीस मिनिटं आणि त्याहूनही पुढे चालतं. फोडायला वेळ लागत नाही, जोडायला लागतो, म्हणून तुमचं येणं-जाणं सारखं नाही. बाहेर पडताना डोळ्याला फक्त संवेदना कमी करायची असते, ते झटपट होतं.

दुकानात पहिल्या मिनिटात जे सुधारतं ते सगळं बाहुलीचं आणि शंकूंचं. दंडांची खरी करामत बघायची असेल तर पेंचला जा. आपला महाराष्ट्रातला पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा) म्हणून जाहीर झाला, नागपूरपासून दोनेक तासांत पोचता. तिथे पहिल्या पाच मिनिटांत तारे बघून लोकं म्हणतात ठीक आहे, छान आहे. अर्धा तास बसा मग बोला. आणि त्या अर्ध्या तासात कोणीतरी पोट्टं मोबाइल काढतंच, स्क्रीन पांढरीफट्ट, की सगळ्यांची कमाई पाण्यात, परत पहिल्यापासून. लाल टॉर्च चालतो कारण दंडपेशींना लाल उजेड फारसा लागत नाही. अजून एक, अगदी फिकट तारा असेल तर त्याच्याकडे सरळ बघू नका, थोडं बाजूला बघा. डोळ्याच्या अगदी मधोमध दंडपेशी नसतातच, सरळ बघितलं की तारा गायब, नजर हटवली की हजर.

आजाराचं विचारलंत. एखादं मिनिट चाचपडणं या वयात नॉर्मल आहे. पण आधीपेक्षा बराच जास्त वेळ लागायला लागला असेल, संध्याकाळी गाडी चालवताना त्रास होत असेल, समोरच्या हेडलाइटनंतर बराच वेळ दिसत नसेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. मोतिबिंदू, साखर, अ जीवनसत्त्वाची कमी, कारणं बरीच असतात आणि ती पत्रातून कळत नाहीत. तोपर्यंत बर्डीवर फिरताना गॉगल लावा, आत शिरताना काढा, खरंच फरक पडतो.

प्रश्न: पुण्याचा मित्र आला होता, त्याला सावजी खायला नेलं. पहिल्या घासाला रडायला लागला, मी आरामात खात होतो. त्याने वरून गरम चहा घेतला तर नाचायलाच लागला. आम्ही नागपूरवाले जन्मतःच वेगळे आहोत का? (नंदनवन)

जन्मतः नाही, तर्रीतः.

तिखट ही चवच नाही. जिभेवर गोड, खारट, आंबट, कडू आणि उमामी (सूप-रश्शाची ती खमंग चव) यांची सोय आहे, तिखटाची नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन जाऊन चिकटतं ते उष्णता आणि वेदना कळवणाऱ्या नसांवरच्या एका दाराला, त्याचं नाव टीआरपीव्ही१. हे दार साधारण ४३ डिग्रीच्या वर उघडतं, भाजतंय हे सांगायला. मिरची त्याला ३७ डिग्रीलाच उघडते, मग मेंदू म्हणतो आग लागली. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने हे दार १९९७ मध्ये शोधलं, २०२१ चं नोबेल त्यांना आणि स्पर्श-दाबाची दारं शोधणाऱ्या आर्डेम पाटापूटियन यांना मिळालं. मित्राच्या चहाचं पण उत्तर यातच आहे, कॅप्सेसिन बसलेलं असताना दार अजूनच कमी तापमानाला उघडतं, त्यामुळे एरवी प्यायला बरा वाटणारा चहा उकळता वाटला.

आणि तुम्ही आरामात का? सारखं सारखं कॅप्सेसिन येत राहिलं की त्या नसा थकतात, दार बोथट होतं, काही काळ प्रतिसादच देत नाही. दुखण्यावर लावायची कॅप्सेसिनची मलमं याच तत्त्वावर चालतात. लहानपणापासून तर्री पोहे खाल्लेल्या माणसाची जीभ त्या मानाने बधिर आहे, त्यात शौर्य नाही. सहा महिने परदेशात राहून या, तुमच्याही डोळ्यांत पाणी येईल. पाणी पिऊन काही होत नाही कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, दूध-दही घ्या. आणि हो, ही दारं फक्त तोंडात नसतात, पूर्ण मार्गावर शेवटपर्यंत असतात, दुसऱ्या दिवशी सकाळचा अनुभव मित्राने कळवला असेलच.

प्रश्न: संत्रा बर्फी खाल्ल्यावर खरं संत्र आंबटढाण का लागतं? (वर्ग ७ वा, सक्करदरा)

बर्फीच्या साखरेने गोड ओळखणाऱ्या पेशी दमल्या, संत्र्यातली साखर आता कमी कळते, आणि आंबट ओळखणाऱ्या पेशी मात्र ताज्या आहेत. संत्र तेच. आधी संत्र खा, मग बर्फी. ब्रश करून लगेच संत्र खाल्लं तर कडवट लागतं त्याचं कारण वेगळं आहे, टूथपेस्टमधलं फेस आणणारं रसायन गोड चव दाबतं अन कडू वाढवतं.

प्रश्न: मारबतीच्या मिरवणुकीत चार तास डीजेजवळ होतो. सुरुवातीला छातीत धडधड, नंतर काही वाटलं नाही, कान सेट झाले. घरी आलो तर कानात सूऽऽ आवाज आणि आई काय बोलते ऐकू येईना. सकाळी ठीक झालं. म्हणजे कानाची सवय चांगली झाली ना? (महाल)

नाही रे बाबा. हे सेट होणं नव्हे.

वर खसचं आणि कूलरचं जे सांगितलं त्यात पेशींना काही इजा होत नाही, त्या फक्त गप्प होतात. तुझ्या कानात जे झालं ती इजा आहे, तात्पुरती. आतल्या कानात केसांसारखी टोकं असलेल्या पेशी आहेत, एका कानात साधारण पंधरा हजार. आवाजाच्या लाटेने ही टोकं वाकतात आणि त्यातून नसेला खबर जाते. फार जोराने, फार वेळ वाकवली तर ती लुळी पडतात, रात्रभरात बरीच सावरतात, काही सावरत नाहीत. कोंबडीच्या कानात या पेशी परत उगवतात, माणसाच्या नाही. आणि सकाळी ऐकू यायला लागलं याचा अर्थ सगळं पूर्ववत झालं असा नाही, पेशी वाचली तरी तिला जोडलेली नस तुटलेली असू शकते, ते आज कळत नाही, चाळिशीत गर्दीत बोलणं समजेनासं झालं की कळतं.

कामाच्या जागी धरतात तो हिशोब सांगते. ८५ डेसिबल असेल तर आठ तास, त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ अर्धा. ८८ ला चार, ९१ ला दोन, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. डीजेच्या भिंतीसमोर १०० सहज ओलांडतात. तू चार तास होतास. कायद्यात निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ ची मर्यादा लिहिलेली आहे, ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० पासून आहेत, पण तो विषय काढला की भांडण होतं, तर राहू दे. काळी-पिवळी मारबत बघायला जरूर जा, शंभर वर्षांहून जुनी परंपरा आहे आपली, फक्त डीजेच्या गाडीपासून लांब उभा राहा आणि मेडिकलमधून इअरप्लग घे. पुढच्या वेळी सूऽऽ आवाज दुसऱ्या दिवशीही राहिला तर वाट बघू नको, कानाच्या डॉक्टरांकडे जा.

प्रश्न: सगळ्याची सवय होते म्हणता, मग माझ्या दाढेच्या ठणक्याची चार दिवसांत का नाही झाली? (रविनगर)

कारण ती होऊ नये अशीच व्यवस्था आहे. शर्ट अंगावर आहे हे विसरलं तर नुकसान नाही, दाढ सडतेय हे विसरलं तर आहे. वेदनेच्या नसा फार कमी जुळवून घेतात, उलट सूज आली की अजून संवेदनशील होतात, म्हणून ज्या दाढेने कालपर्यंत गार पाणी सहन केलं ती आज वाऱ्यानेही कळवळते. पत्र लिहिण्यात वेळ घालवलात, दाताच्या डॉक्टरांकडे जा आधी.

प्रश्न: नवतपा संपला, पारा ४६ वरून ४० वर आला तर कॉलनीत सगळे म्हणाले वा काय थंड झालं! मुंबईचे नातेवाईक वेड्यासारखे बघत होते. आपलं शरीर गरमीला सेट होतं हे खरं का? (प्रतापनगर)

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोकं त्या एकत्र करतात, त्यातून दवाखाना गाठतात.

पहिली, थंड वाटणं. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६९० मध्येच लिहिलंय की एक हात गरम आणि एक गार असेल तर एकच पाणी एका हाताला गार अन दुसऱ्याला गरम लागतं. घरी तीन पातेली घेऊन करून बघा, मुलांना फार आवडतं. कातडी आधीच्या तापमानाशी तुलना करते. साधारण ३० ते ३६ डिग्रीच्या मधलं कातडीचं तापमान असेल तर ती पूर्ण जुळवून घेते, गरम नाही अन थंड नाही. त्याच्या बाहेर पूर्ण जुळत नाही, म्हणून ४६ ची सवय होत नाही, फक्त ४० त्यापुढे बरं वाटतं.

दुसरी, शरीराने खरंच जुळवून घेणं. हे कातडीच्या वाटण्याचं नाही, घामाचं आणि रक्ताचं काम आहे, आणि एक-दोन आठवडे लागतात. रोज थोडं थोडं उन्हात काम करणाऱ्याच्या अंगात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि त्यात मीठ कमी जातं. दिवसभर एसीत बसून दुपारी एकदा गाडी काढणाऱ्याला हे मिळत नाही, तो नागपूरचा असला तरी. आणि काही आठवडे दूर राहिलं की हे उतरतं, म्हणजे बंगलोरहून मे महिन्यात घरी आलेलं तुमचं पोरगं गरमीच्या बाबतीत पाहुणाच आहे, त्याला पहिल्याच दिवशी भर दुपारी कामाला पाठवू नका.

आणि ४० ला थंड वाटलं तरी शरीराला ते ४०च आहे. पाणी तेवढंच जातं, म्हणून तहान लागायची वाट बघू नका. उन्हात माणूस बरळायला लागला, चाल बिघडली, अंग तापलं, तर सावलीत आणा, अंगावर पाणी टाका, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

प्रश्न: जत्रेत गोल फिरून उतरल्यावर जग उलट्या बाजूला का फिरतं? (वर्ग ५ वा, वाडी)

कानाच्या आत तीन अर्धगोल नळ्या आहेत, त्यात पाणी आहे. फिरायला लागलास की नळी फिरते, पाणी मागे राहतं, त्यावरून कळतं मी फिरतोय. बराच वेळ एकाच वेगाने फिरलास की पाणीपण सोबत फिरायला लागतं आणि मग डोळे मिटले असतील तर फिरतोय हे कळतच नाही. झुला थांबला की नळी थांबते, पाणी अजून पुढेच चाललेलं असतं, मेंदूला वाटतं आता हा उलट्या बाजूला फिरायला लागला. अर्ध्या मिनिटात पाणी शांत होतं. तोपर्यंत खाली बस, आणि आइस्क्रीम खायचं असेल तर झुल्यानंतर खा.